फोनला दोन टोकं असतात

(ज्येष्ठांसाठी ‘स्मार्ट घर’ घडवणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र)

सातारा



गेल्या मे महिन्यात तुमच्यापैकी दोघं माझ्या घरी येऊन गेले. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही तिशीच्या आतले. आमच्या नात्यातल्या कुणाची तरी ओळख काढून आले होते. भिंतीवर, दारावर, नळाशी काय काय बसवून दोन आठवडे चाचणी घ्यायची होती आणि शेवटी प्रश्नावली भरून न्यायची होती. मुलगी गोड होती, चहा दोनदा घेतला. तिने वाचलेला एक प्रश्न असा : “स्वतंत्रपणे राहता यावं म्हणून घरात स्मार्ट तंत्रज्ञान वापरायला तुम्ही कितपत तयार आहात? एक ते पाच.” एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण तयार.

मी विचारलं, “कुठल्या खोलीत?”

ती गोंधळली. तिच्या कागदावर खोल्या नव्हत्या. पोरीची अडचण नको म्हणून मी तीनवर गोल केला, आणि तो तीन मला अजून बोचतोय. माझं उत्तर तीन नव्हतंच. बाथरूममध्ये पाच होतं, स्वयंपाकघरात चार, आणि झोपायच्या खोलीत सरळ एक. त्या कागदावर जे लिहायला जागा नव्हती ते इथे लिहिते आहे.

आधी माझी ओळख करून देते, नाहीतर ‘बिचाऱ्या आजींना यंत्राची भीती वाटते’ या खान्यात तुम्ही मला टाकाल. माझं वय ७४. १९७४ साली सातारच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर म्हणून लागले. समोर उभा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, हातात कॉर्डा, कानाला हेडसेट. लोक १८० फिरवून कॉल बुक करायचे आणि आम्ही तिकिटावर लिहून घ्यायचो : साधा, अर्जंट की लाइटनिंग. लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे पडत. तो आला की बोर्डावरच्या सगळ्याजणी गप्प व्हायच्या, कारण कुणाच्या तरी घरी काहीतरी घडलेलं असायचं. पुढे एसटीडी आलं, मग सी-डॉटची एक्स्चेंजं आली. चाळिशीत मला परत वर्गात बसवलं आणि मी ते सगळं शिकले. ब्रॉडबँडच्या तक्रारी घेता घेता २०१२ मध्ये निवृत्त झाले. आता भाजीवालीला यूपीआयने पैसे देते. तेव्हा मला ‘हे बटण दाबायचं बरं का आजी’ असं सांगू नका. बटण मला कळतं.

मला बोलायचं आहे ते ऐकण्याविषयी.

त्या बोर्डावर एक की असायची. ती ओढली की जोडून दिलेल्या लाइनवरचं बोलणं ऑपरेटरला ऐकू यायचं. ती असायलाच हवी होती. दोन्हीकडून आवाज पोचतोय का, हे बघितल्याशिवाय कॉल लागला असं कसं म्हणायचं? पण “हॅलो, ऐकू येतंय” एवढं झालं की ती मागे घ्यायची. मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “कान काढून घ्यायला शीक, जोडायला कुणीही शिकतं.” १८८५च्या तार कायद्यातलं २६वं कलमही त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. कर्मचाऱ्याने दुसऱ्याचा निरोप बेकायदा अडवला किंवा फोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद. आम्ही सगळ्या संत होतो असं नाही. गावात कुणाचं लग्न मोडलं हे आम्हाला कधीकधी नको इतकं आधी कळायचं. पण ऐकलेलं बाहेर काढणारी बाई बोर्डावर बसायच्या लायकीची नाही, हे मात्र सगळ्याजणी मानायच्या.

आता तुमचा कॅमेरा. माझी मुलगी स्टुटगार्टला असते. वडील गेल्यावर तिने हौसेने आणि काळजीने तो पाठवला, आणि सुट्टीवर आली तेव्हा स्वतःच्या हाताने बैठकीच्या खोलीत टांगून गेली. काळजी खरी होती म्हणून मी काही बोलले नाही. पण पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की मी घरात नीट बसायला लागले आहे. पदर सावरून. पाय वर घेऊन बसायची माझी सवय, ती गेली. दुपारी मैत्रीण आली की आम्ही सुनांबद्दल बोलायला स्वयंपाकघरात जायचो. एकदा मी तिसरा लाडू घेतला आणि अर्ध्या तासाने जर्मनीहून फोन : “आई, शुगर.” त्या रात्री मी लोकरीच्या सुया काढल्या आणि कॅमेऱ्याला एक टोपडं विणलं. पांढरं, निळी किनार, हनुवटीखाली बंद. मुलीने विचारलं, “कॅमेरा बिघडला का?” मी म्हटलं, “साताऱ्यात थंडी पडली आहे.”

हसा, पण ते टोपडं हे माझं तुमच्या प्रश्नावलीला दिलेलं खरं उत्तर आहे. त्या यंत्राला डोळा दिलात आणि पापणी दिली नाहीत. झाकण सरकवून बंद करता येईल, बंद आहे हे घरातल्या माणसाला नुसतं बघून कळेल, एवढी साधी सोय त्यात नव्हती. बंद करायची सोय ॲपमध्ये होती, आणि ॲप मुलीच्या फोनवर होतं. त्या ॲपमध्ये ‘ॲडमिन’ ती. मी कोण? घर माझं, वीजबिल माझं, आणि मी त्यात फक्त एक ‘मेंबर’.

सरकारला मी वर्षातून एकदा, नोव्हेंबरमध्ये, हयातीचा दाखला देते. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आलं तेव्हा बँकेच्या यंत्रावर माझा अंगठाच उमटेना. भांडी घासून, कॉर्डा ओढून रेषा झिजलेल्या. मागे उभे असलेले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “बाई, तुम्ही कागदोपत्री गेलात.” पुढे चेहऱ्यावरून दाखला द्यायची सोय झाली, ती बरी आहे. पण तो दाखला वर्षातून एकदा. तुमचं यंत्र माझ्याकडे तो दर मिनिटाला मागत असतं.

आणि तरीही मी यंत्र नको म्हणत नाही, कारण मी पडले आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटे बाथरूममध्ये पाय सरकला, मनगट मोडलं, आणि ओल्या फरशीवर कुशीवर पडून राहिले. गळ्यात अडकवायचं आणीबाणीचं बटणही मुलीने पाठवलेलं होतं. ते त्या वेळी कुठे होतं? स्वयंपाकघरात, पंचांगाच्या खिळ्याला. पाण्याने खराब होत नाही हे मला माहीत होतं. पण ते गळ्यात घातलं की मी म्हातारी दिसायचे. वय दिसण्याला माझी हरकत नाही, ते लपतही नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी त्या बटणाकडे बघायच्या आणि मग माझ्याशी हळू, मोठ्याने बोलायला लागायच्या. त्याला माझी हरकत होती.

असं करणारी मी एकटी नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या माणसांचा एक अभ्यास झाला होता, तो २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. घरी मदत मागवायच्या गजराची सोय असलेली जी माणसं एकटी असताना पडली, त्यांतल्या पाचांपैकी चौघांनी तो वाजवलाच नाही. कुणाच्या अंगावर तो नव्हता, कुणाला वाटलं आपलं आपण उठू, कुणाला उगीच माणसांना त्रास द्यायचा नव्हता. गळ्यातल्या अशा बटणाला आता पन्नास वर्षं होत आली. पन्नास वर्षांत त्याचा आकार तुम्ही बदललात, बॅटरी सुधारलीत. माणूस ते खिळ्याला का अडकवतो, हे मात्र विचारलं नाहीत.

मला कुणी वाचवलं? दुधाच्या पिशवीने. पावणेसहाला दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो आणि सहाच्या आत मी ती घेते. सात वाजले तरी पिशवी तिथेच, हे वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी खाली उतरताना पाहिलं. बेल वाजवली, मग त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं. नशिबाने बाथरूमची कडी मी त्या दिवशी लावली नव्हती. तेव्हापासून लावतच नाही.

त्या पिशवीला बॅटरी लागत नाही. मी कुठल्या अंगावर झोपले, रात्री कितीदा उठले, काय खाल्लं, यातलं ती काहीच सांगत नाही. ‘आज अजून उठली नाही’ एवढंच सांगते, आणि तेही ज्याला कळायला हवं त्यालाच. तुम्हाला आरेखनाचा नमुना हवा असेल तर तो आमच्या कडीला रोज लटकत असतो.

पण मी जुन्या दिवसांची आरती ओवाळायला बसलेली नाही. वरच्या वहिनी आता मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. त्यांच्या जागी आलेलं जोडपं सकाळी सातला बाहेर पडतं, रात्री नऊला येतं. नव्या इमारतींत दूध ॲपवरून येतं आणि रोज वेगळा मुलगा ते खाली रखवालदाराकडे टाकून जातो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर वृद्धांची मोठी पाहणी केली. साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सुमारे सहा एकटी राहतात आणि वीसेक फक्त नवरा-बायको. म्हणजे चारांतल्या एकाच्या घरी तरुण माणूस नाही. पिशवी बघणारं कुणी उरत नाही, तिथे तुमची गरज आहे. हे मी मनापासून म्हणते.

जपानमध्ये कुणाला तरी हे फार पूर्वी सुचलं. झोजिरुशी ही थर्मास आणि कुकर बनवणारी कंपनी. तिने २००१ मध्ये चहाच्या पाण्याची एक विजेची किटली काढली. म्हातारं माणूस तिच्यातून पाणी घेतं, तेव्हा किटली आतल्या आत नोंद ठेवते आणि दूरच्या मुलाला किंवा मुलीला तेवढं कळवते. कॅमेरा नाही, गळ्यात काही नाही, नवीन काही शिकायचं नाही. चहा तर करायचाच असतो. ज्याने हे काढलं त्याने आधी आपल्या आईला चहा करताना बघितलं असणार, असं मला उगीच वाटतं.

तुम्ही मात्र आमची घरं न बघता यंत्रं बनवता. मे महिन्यातल्या चाचणीत छताजवळ एक रडार लावलं होतं. चित्र घेत नाही, नुसती माणसाची हालचाल ओळखतं आणि माणूस पडला तर कळवतं. मला कल्पना आवडली, झाकणाचा प्रश्नच नाही. पण त्या दोन आठवड्यांत मी नऊ वेळा ‘पडले’. अहो, मे महिना! दुपारी गार फरशीवर आडवं होणं हा आमचा वातानुकूलित वर्ग. सकाळी शवासन. भाजी निवडायला मी खालीच बसते, कंबर धरली की तिथेच कलंडते. सोफ्यापलीकडे ज्यांचं आयुष्य जमिनीवर उतरतच नाही, अशा घरांत ते यंत्र शिकलेलं दिसतं. नऊपैकी चार वेळा मुलगी स्टुटगार्टला दचकून उठली. दहाव्या वेळी मी खरोखर पडले असते तर तिने काय केलं असतं? लांडगा आला रे आला.

बोलण्याचंही तसंच. स्पीकर माझ्याकडे आहे आणि तो मला आवडतो, नाट्यसंगीत लावतो. पण त्याला ‘पावणेसहाला उठव’ सांगितलं तर एकदा सहाला उठवलं, एकदा उठवलंच नाही. अडीच, सव्वा, पाऊण यांच्याशिवाय मराठी माणसाचं घड्याळ चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. आणि संध्याकाळी दिवा ‘बंद कर’ हे ठीक, पण माझ्या तोंडून ‘विझव’ येत नाही. मी ‘मालव’ म्हणते. माझी आई ‘शांत कर’ म्हणायची. सगळ्यात गंमत म्हणजे घराबाहेर पडताना आम्ही ‘येते हं’ म्हणतो. ‘जाते’ म्हणणं अशुभ. चाचणीला आलेल्या मुलाने बोलून घर ‘बाहेर गेल्याच्या’ अवस्थेत टाकायची सोय केली होती. मी दारातून ‘येते’ म्हटलं आणि घराने मागे सगळे दिवे लावून माझं स्वागत केलं.

बारीकसारीक गोष्टी आणखी आहेत, त्या भराभर सांगते. वय वाढलं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, आणि तुमची प्रत्येक वस्तू नेमकी तशीच ‘टिंग’ करते. गॅसगळतीचा गजर जरा जाड आवाजात करा, मंदिरातल्या घंटेसारखा. कोरड्या बोटांना काचेचे पडदे ओळखत नाहीत. एक खरं, दाबलं की दबणारं बटण ठेवा. पलंगापासून बाथरूमपर्यंत पाऊल टाकताच पेटणारे मंद दिवे ही तुमची सगळ्यात उत्तम वस्तू. ती लागायला कुणाला माझ्याकडे बघावं लागत नाही, कुठे काही कळवावं लागत नाही. त्यांना मी दहापैकी दहा दिले असते, प्रश्नावलीत जागा असती तर.

वीज हा मात्र मोठा मुद्दा आहे आणि इथे माझं जुनं खातं बोलतं. पूर्वीच्या फोनला घरातली वीज लागायची नाही. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या त्याच दोन तारांतून ४८ व्होल्ट घरापर्यंत पाठवायच्या. वादळात गाव अंधारात असलं तरी फोन लागायचा, आणि आमच्याकडे पावसाळ्यात गाव अंधारात असणं नवीन नाही. आता वीज गेली की राउटर गेला, आणि राउटर गेला की तुमचं अख्खं शहाणं घर मुकं. मदतीची गरज पडायची ती नेमकी अशाच वेळी, काळोखात ठेचकाळल्यावर. जे यंत्र जीव वाचवण्याच्या नावाखाली विकता, ते वीज आणि वायफाय दोन्ही गेल्यावर किती तास चालेल, हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापा. फार नाही, एवढंच.

आता कायद्याचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मी वाचला. निवृत्तांना वेळ असतो. त्यात संमतीबद्दल चांगलं लिहिलं आहे : ती मोकळेपणाने दिलेली हवी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. पण एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर तिला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे मुलीने आईच्या खोलीत कॅमेरा लावून तो बघितला तर कायद्याला काही म्हणायचं नाही. ते योग्यही असेल, घराघरात सरकार कशाला शिरवायचं? पण मग तिथे आईच्या बाजूने उभं राहणारं एकच उरतं, ते म्हणजे ते यंत्र कसं घडवलं आहे. म्हणजे तुम्ही. खातं कुणाच्या नावाने उघडायचं, कोण कधी बघतंय हे आईला दिसेल की नाही, आणि ‘आज नको’ म्हणायचं बटण कुणाच्या हातात, हे कुठल्याही संसदेने ठरवलेलं नाही. ते तुमच्या टेबलावर ठरतं, बहुधा एखाद्या गुरुवारी दुपारी, कुणाच्या फारसं लक्षात न येता.

विसराळूपणाचा आजार झालेल्या माणसांचं काय, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. माझ्या एका मैत्रिणीला आता घराचा रस्ता आठवत नाही, तिच्या दाराला सेन्सर हवाच आणि निर्णय तिच्या मुलांनीच घ्यायला हवा. पण त्या दिवसाची तयारी म्हणून आजपासूनच सगळ्यांना तसं वागवणं, हे काही मला पटत नाही.

फोनला दोन टोकं असतात. तिकडून ऐकणाऱ्याला इकडे बोलावंही लागतं, आणि दोघांपैकी कुणीही रिसीव्हर खाली ठेवू शकतो. तुमची बहुतेक यंत्रं एकाच टोकाची आहेत. मुलगी माझ्याकडे बघणार, मी छताकडे.

म्हणून गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा मी अट घातली. कॅमेरा उतरवला. टोपडं धुऊन शेजारच्या बाळंतिणीला दिलं, ते थोडं मोठं होतंय. त्याऐवजी माझ्या चहाच्या किटलीच्या प्लगला एक स्मार्ट प्लग लावला, जपान्यांची नक्कल. मी सकाळी पाणी उकळलं की तिच्या स्वयंपाकघरात एक छोटा पिवळा दिवा लागतो. ती तेव्हा गाढ झोपेत असते, उठल्यावर बघते. आणि ती उठून कॉफीचं यंत्र चालू करते, तेव्हा माझ्या देवघराशेजारच्या फळीवर निळा दिवा लागतो. उन्हाळ्यात साडेदहाला. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं मागे जातात, मग साडेअकराला. दोघींच्याही प्लगला बटण आहे, नको असेल त्या दिवशी बंद करायचं. आम्ही दोघींनी ते एकेकदा बंद केलं आहे आणि का, ते विचारलेलं नाही.

तिला हे बसवायला अडीच तास लागले, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी बोलायला तयार नव्हत्या. ते तुम्ही अडीच मिनिटांवर आणा.

गेल्या आठवड्यात साडेदहा वाजले, अकरा वाजले, निळा दिवा लागेना. माझी पूजा झाली, भात झाला. पावणेबाराला मला राहवेना. फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिकडून झोपेतला आवाज आला :

“आई, रविवार आहे ना गं. झोपू दे की.”

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर